जमा कोणाची आणि नावे कोणाच्या?

दर तिमाहीला रिझर्व्ह बँक देशाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारतोलाचे आकडे प्रसिद्ध करते. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर दोन दिवस त्यांची चर्चा होते आणि मग सारे शांत होते. सत्ताधारी परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा पुढे करून देश बलवान झाल्याचे सांगतात. विरोधक व्यापारातील तुटीचा आकडा पुढे करून देश बुडत असल्याचे सांगतात. श्रमिक मात्र या वादाकडे पाठ फिरवतो. डॉलर, तूट आणि गंगाजळी हे आपल्या जगातले शब्द नव्हेत, अशी त्याची समजूत करून देण्यात आलेली आहे. ही समजूत ज्यांनी करून दिली त्यांच्या ती सोयीची आहे. व्यवहारतोलाच्या वहीत जी रक्कम जमा होते तिच्यामागे कोणाचे तरी श्रम असतात, आणि जी नावे पडते ती अखेरीस कोणाच्या तरी ताटातून वसूल होते. म्हणून ही वही वाचता येणे ही कार्यकर्त्याच्या शिक्षणातील चैन नसून गरज आहे.

हे समजण्यासाठी मुंबईच्या रिझर्व्ह बँकेत जाण्याची आवश्यकता नाही. पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावरील वाघोलीपर्यंत गेले तरी पुरेसे आहे. २०२१ च्या जूनअखेरीस ज्या तेवीस गावांचा पुणे महानगरपालिकेत समावेश झाला, त्यांपैकी वाघोली हे एक. या गावच्या दगडखाणींनी आणि खडी-क्रशरांनी गेली कित्येक दशके पुणे शहराच्या बांधकामाला दगड पुरविला. पुढे शेजारच्या खराडीत संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या, वाघोलीच्या शेतजमिनींवर गृहसंकुले आली, आणि सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मजूर अड्ड्यावर मराठवाड्यातून आणि परप्रांतांतून आलेली माणसे दिवसाच्या कामाची वाट पाहू लागली.

आता कल्पना अशी करावी की, वाघोली हा एक स्वतंत्र देश आहे आणि बाहेरच्या जगाशी त्याचा जो देण्याघेण्याचा व्यवहार होतो त्याची वही कोणी ठेवलेली आहे. गावातून खडी बाहेर गेली, तिचे पैसे आले; ही झाली मालाची निर्यात. गावातला तरुण खराडीच्या कचेरीत किंवा रांजणगावच्या कारखान्यात राबून पगार आणतो. ही झाली श्रमाची निर्यात. उलट बाजूस, धान्य, भाजी, कापड, इंधन आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी बाहेरून विकत घ्यावे लागते. ही झाली आयात. अड्ड्यावरचा मजूर जी रक्कम गावाकडे म्हाताऱ्या आईबापांना धाडतो, तीही वाघोलीच्या वहीत बाहेर गेलेली रक्कम म्हणूनच लिहिली जाईल. त्याच्या मूळ गावाच्या वहीत मात्र ती जमा म्हणून उमटेल. आणि ज्या शेतकऱ्याने आपली दोन एकर जमीन बाहेरच्या बांधकाम व्यावसायिकाला विकली, त्याच्या हाती आलेली मोठी रक्कमही जमेच्याच बाजूला दिसेल.

येथेच पहिला धडा आहे. पगाराची जमा आणि जमीन विकल्याची जमा या दोन्ही जमाच. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. पगार पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, जमीन मात्र एकदाच विकता येते. जमिनीच्या पैशातून ज्याने मुलांना शिकविले किंवा व्यवसाय उभा केला त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याने त्यातून लग्ने व गाड्या केल्या त्याची वेगळी. पुण्याभोवतालच्या गावागावांत ही दोन्ही प्रकारची घराणी सापडतात. म्हणूनच अर्थशास्त्राने देशाच्या वहीचे दोन मोठे भाग पाडले: एक चालू खाते आणि दुसरे भांडवली खाते.

चालू खात्यात चार प्रकारच्या नोंदी येतात. पहिली मालाची आयात-निर्यात; तिच्यातील फरकाला व्यापारतोल म्हणतात. दुसरी सेवांची: संगणक-सेवा, वाहतूक, विमा, पर्यटन, परदेशातील शिक्षण. तिसरी गुंतवणुकीवरील उत्पन्नाची, म्हणजे व्याज, नफा, लाभांश यांची. चौथी एकतर्फी रकमांची, ज्यांच्या बदल्यात काही द्यावे लागत नाही. परदेशी असलेल्या नातलगांनी घरी पाठविलेले पैसे यात मोडतात. भांडवली खात्यात कर्जे, परकीय गुंतवणूक, अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि त्या साऱ्यांची परतफेड येते. काटेकोर परिभाषेत अलीकडे याला वित्तीय खाते म्हणतात. पण सर्वसाधारण चर्चेसाठी जुने नाव पुरेसे आहे.

दुसरा धडा दुहेरी नोंदीचा. किराणा दुकानाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही दिवाणजीला तो ठाऊक असतो: प्रत्येक व्यवहार दोनदा लिहिला जातो, एकदा जमेला आणि एकदा नावे. समजा शिरूर तालुक्यातील कांदा दुबईला गेला आणि त्याचे दहा हजार डॉलर झाले. मालाच्या निर्यातीत दहा हजार डॉलर जमा झाले. ते डॉलर भारतीय बँकेच्या परदेशातील खात्यात पडले, म्हणजे देशाची परदेशातील मत्ता तेवढ्याने वाढली; ही वाढ नावेच्या बाजूला लिहिली जाते. आता त्याच डॉलरांनी खनिज तेल घेतले तर मालाच्या आयातीत दहा हजार नावे पडले आणि परदेशातील मत्ता घटली म्हणून तेवढेच जमेला आले. कॅलिफोर्नियातल्या मुलाने वाघोलीतल्या आईला पाचशे डॉलर पाठविले. येथे कोणताही माल हलला नाही, तरी बँकेच्या मत्तेत पाचशेची वाढ नावे पडली. जोड पूर्ण करण्यासाठी समोरच्या बाजूला ‘एकतर्फी रकमा’ या सदरात पाचशे जमा दाखवावे लागतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, संपूर्ण वहीची बेरीज नेहमी शून्य येते. तेव्हा ‘व्यवहारतोलात तूट आहे’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ती तूट वहीच्या एखाद्या भागातील असते, आणि खरा प्रश्न असा असतो की, दुसऱ्या कोणत्या भागातून ती भरून काढली. दोन, जमा म्हणजे नफा नव्हे आणि नावे म्हणजे नुकसान नव्हे. कर्ज घेतले की ते जमेला येते. त्यामुळे कोणी श्रीमंत होत नाही. गंगाजळीत भर पडली की वहीत ती वजा चिन्हासह नावेच्या बाजूला उमटते. त्यामुळे कोणी गरीब होत नाही. जमेचा आकडा पाहून टाळ्या वाजविणे आणि नावेचा आकडा पाहून छाती बडविणे या दोन्ही गोष्टी सारख्याच अज्ञानाच्या आहेत. शिवाय वही कधीच तंतोतंत जुळत नाही म्हणून तिच्यात ‘चुका व वगळलेल्या बाबी’ असे एक सदर ठेवलेले असते. निर्यातीची बिले मुद्दाम कमी रकमेची दाखवून उरलेले डॉलर बाहेरच ठेवणे, आयातीची बिले फुगवून पैसा बाहेर नेणे, हे उद्योग वहीच्या मूळ नोंदीच खोट्या करतात, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

आता ही रीत हाती घेऊन देशाची वही उघडावी. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताची मालाच्या व्यापारातील तूट सुमारे २८७ अब्ज डॉलर होती. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. त्याखेरीज इलेक्ट्रॉनिक सामग्री, सोने, खाद्यतेल, खते यांची मोठी आयात आहे. एवढी तूट असूनही चालू खात्यावरील एकूण तूट केवळ २३ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६ टक्के राहिली. उरलेली प्रचंड दरी कोणी बुजविली? सेवांच्या निर्यातीने निव्वळ सुमारे १८९ अब्ज डॉलर मिळवून दिले, आणि परदेशी गेलेल्या भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर घरी पाठविले. या दोन रकमांतून गुंतवणुकीवरील नफा-व्याजापोटी बाहेर गेलेले निव्वळ चाळीस-पन्नास अब्ज वजा होतात, तरीही दरी बहुतांशी भरते.

याचा सरळ अर्थ असा की, देशाच्या आयातीचा भार आखाती देशांत उन्हात राबणारा गवंडी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, जहाजावरचा खलाशी आणि खराडी-हिंजवडीत परदेशी घड्याळाप्रमाणे जागणारा संगणक-कामगार यांनी पेललेला आहे. घरी पाठविलेल्या रकमांचा आकडा मालाच्या व्यापारातील तुटीच्या निम्म्याच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये या रकमांपैकी २० टक्क्यांहून किंचित अधिक वाटा महाराष्ट्रात आला आणि राज्यांमध्ये तो सर्वाधिक होता. तथापि परदेशी निघालेल्या मजुराची फसवणूक करणारा दलाल, त्याचे पारपत्र काढून घेणारा मालक, मृत्यू आल्यास कुटुंबाची होणारी परवड, या प्रश्नांवर संसदेत जितका वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ परकीय भांडवलाच्या स्वागतावर खर्च होतो. जमा ज्याची, त्याचे नाव वहीत नाही.

ही जमा अढळ आहे असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी प्रवेशपत्राच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या हजारो मध्यमवर्गीय घरांत चिंता पसरली. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले गेले होते. परक्याच्या राजधानीतील एका सहीने ज्याच्या घरची चूल डळमळते, त्याला व्यवहारतोल समजत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याला तो आकड्यांवाचून समजलेला असतो.

या विषयाचे पहिले शिक्षण देशाला मिळाले ते दादाभाई नौरोजींकडून. १८६७ पासून त्यांनी इंग्लंडच्या भूमीवर जी मांडणी केली आणि जी १९०१ साली ग्रंथरूपाने आली, तिचा गाभा जमा-नावेच्या या हिशेबातच आहे. त्या काळी हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा अधिक होती. व्यापारतोल अनुकूल होता. आजच्या ढोबळ मापाने पाहिले तर देश संपन्न व्हायला हवा होता. प्रत्यक्षात १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानातून धान्य इंग्लंडला जात राहिले. कारण निर्यातीचे पैसे देशात येतच नव्हते. भारतमंत्री लंडनमध्ये आपल्या हुंड्या विकून पौंड गोळा करी, आणि येथील निर्यातदाराला रुपये मिळत ते येथल्याच रयतेच्या करांतून. गोळा झालेले पौंड गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्कराचा खर्च, रेल्वेच्या भांडवलावरील हमीचे व्याज यांत खर्च होत. निर्यातीची जमा आणि ‘होम चार्जेस’ची नावे, दोन्ही बाजू जुळल्या, वही निर्दोष होती आणि देश उपाशी होता. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी, आणि १८९७ साली वेल्बी आयोगासमोर गोपाळ कृष्ण गोखले यांनी राज्यकर्त्यांच्या आकड्यांनाच साक्षीला उभे केले, ते याच अभ्यासाच्या बळावर.

त्यानंतरचा धडा डॉ. आंबेडकरांचा. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपयाची हुंडणावळ घसरली की निर्यातदाराला लाभ होतो, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. डॉ. आंबेडकरांनी तिच्या मुळाशी जाऊन दाखविले की, हा लाभ परक्याकडून मिळत नाही. चलन घसरल्यावर वस्तूंच्या किमती चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते, आणि या अंतरातून मालकाचा नफा निघतो. म्हणजे देशाला बक्षीस म्हणून जे दाखविले जाते ते एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेले असते. चलनाच्या प्रश्नाकडे मजुरीच्या बाजूने पाहण्याची ही दृष्टी शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या दृष्टीची गरज वारंवार पडली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि परकीय मदतीवरील अवलंबन यांनी देशाला त्या टोकाला नेले होते. १९९१ चा प्रसंग त्याहून बिकट. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले. तेल महागले, पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना तेथून परत आणावे लागले, त्यांच्याकडून येणाऱ्या रकमा आटल्या आणि अनिवासी ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. एकाच वेळी वहीतील नावेची बाजू फुगली आणि जमेचे झरे आटले. १९९१ च्या मध्यास गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकीच उरली. मे महिन्यात २० टन सोने परत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले गेले. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडले. १ आणि ३ जुलै या दोन दिवशी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती वाढविल्या गेल्या.

सोने गहाण पडल्याची लाज सर्वांनी मिळून वाटून घेतली; किंमत मात्र सर्वांनी वाटून घेतली नाही. आधीच्या दशकात अल्पमुदतीच्या परकीय कर्जावर जी आयात झाली तिचा उपभोग एका थराने घेतला होता. महागाई, खतांचे वाढलेले दर आणि सरकारी खर्चातील कपात यांतून परतफेडीचा भार आला तो शेतकऱ्यावर आणि मजुरावर. वहीचा तोल साधला जातोच. प्रश्न असतो तो कोणाला खाली दाबून साधला, हा.

आता परकीय भांडवलाची बाजू पाहावी. वाघोलीवरून पुढे जाणारा रस्ता रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्राकडे जातो. परकीय कंपनी कारखाना उभारते तेव्हा तिची गुंतवणूक भांडवली खात्यावर जमा होते. समारंभ होतो, छायाचित्रे छापली जातात. पुढे दरवर्षी नफा, लाभांश, तंत्रज्ञानाचे स्वामित्वशुल्क नावे पडत जाते. त्याचा समारंभ होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने सुमारे २७,८७० कोटी रुपयांचे समभाग बाजारात आणले. तळेगावचा पूर्वीचा जनरल मोटर्सचा कारखाना आता याच कंपनीकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रांजणगावला कारखाना असलेल्या एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या भारतीय कंपनीने ११,६०७ कोटींचे समभाग आणले. दोन्ही विक्रींत नवे भांडवल उभारलेले नव्हते. कोरियातील मातृकंपनीने आपल्या मालकीचा काही भाग विकला आणि मोल तिच्याकडे गेले. हा व्यवहार कायदेशीर आहे, त्यात लपवाछपवी नाही आणि विकत घेणाऱ्यांत परकीय गुंतवणूकदारही होते. परंतु भारतीय मध्यमवर्गाच्या बचतीचा जो भाग या खरेदीत गेला त्यातून देशात एकही नवे यंत्र बसले नाही, ही गोष्ट वहीच सांगते.

हे एकदोन कंपन्यांपुरते नाही. २०२४-२५ मध्ये देशात आलेली एकूण थेट परकीय गुंतवणूक सुमारे ८१ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी पन्नास अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परकीय गुंतवणूकदारांनी गुंतवणूक काढून परत नेली आणि भारतीय कंपन्यांनी स्वतःची मोठी रक्कम परदेशात गुंतविली. हाती निव्वळ राहिली ती जेमतेम एक अब्ज डॉलरच्या घरात. शिवाय श्रीमंत भारतीयांना दरसाल माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा आहे. त्या वाटेने याच वर्षी सुमारे २९.५ अब्ज डॉलर गेले, त्यांत प्रवासाचा वाटा सर्वांत मोठा. आखाती मजुराने पै-पै करून धाडलेले डॉलर आणि सुट्टीच्या सफरीवर गेलेले डॉलर एकाच वहीत, समोरासमोरच्या बाजूंना उभे आहेत.

गंगाजळीचा अभिमानही याच कसोटीवर घासून घ्यावा. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. १९९१ च्या मानाने ही मोठी ढाल आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चीनने जी गंगाजळी साठविली ती मुख्यतः व्यापारातील वाढाव्यातून. भारताच्या चालू खात्यावर बहुतेक वर्षी तूट असल्यामुळे येथील गंगाजळी मुख्यतः बाहेरून आलेल्या भांडवलातून आणि कर्जातून साठलेली आहे. मार्च २०२५ अखेर देशाचे विदेशी कर्ज सुमारे ७३६ अब्ज डॉलर होते आणि गंगाजळी सुमारे ६६८ अब्ज. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने तिजोरी भरली म्हणून स्वतःला सावकार समजू नये.

या विवेचनावरून, आयात ही सारी वाईट आणि निर्यात सारी चांगली असा निष्कर्ष कोणी काढील तर ती दुसरी चूक ठरेल. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथील पोलादाचे कारखाने परदेशी यंत्रे आणि परदेशी कर्जे यांतून उभे राहिले. १९५७-५८ मध्ये त्यापायी परकीय चलनाची चणचण भासली. पण त्या नावेच्या बदल्यात देशाच्या हाती पोलाद आले. त्या आयातीची आणि आजच्या सोन्याच्या आयातीची किंमत एकाच बाजूला लिहिली जाते. पुढच्या पिढीला दोघींपासून मिळते ते मात्र सारखे नाही. वाघोलीच्या खाणीतून गेलेल्या खडीचे पैसे वहीत येतात, मागे राहिलेला खड्डा आणि खाणकामगाराच्या फुप्फुसात गेलेली धूळ वहीत येत नाही. जे मोजले जात नाही ते नाहीच असे समजणे, हा वही लिहिणाऱ्याचा नव्हे, वाचणाऱ्याचा दोष आहे.

शेतमालाच्या बाबतीत तर वहीचा उपयोग शेतकऱ्याविरुद्ध शस्त्रासारखा झालेला दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंदच झाली, ४ मे २०२४ रोजी ती शुल्कासह आणि किमान निर्यातमूल्यासह उघडली आणि शुल्क पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २०२५ रोजी. शहरातल्या मजुराला कांदा परवडला पाहिजे, ही मागणी रास्त आहे. अड्ड्यावरच्या माणसाची भाकरी कांद्याबरोबरच खाल्ली जाते. परंतु ती स्वस्ताई देण्याचा भार सरकारने आपल्या तिजोरीवर न घेता जुन्नर, शिरूर, नाशिकच्या उत्पादकावर टाकला. खाद्यतेलात याच्या उलट. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के करण्यात आले. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. सोयाबीन पेरावे की न पेरावे हे ठरविण्याच्या दिवसांतच ते घडले. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. ही नावे कमी करावयाची तर लातूर-धाराशिवच्या सोयाबीन उत्पादकाला खात्रीचा भाव देणे हा मार्ग आहे. एका हाताने त्याची जमा अडवायची आणि दुसऱ्या हाताने परक्या तेलाची नावे वाढवायची, याला धोरण म्हणता येत नाही. ग्राहक मजूर आणि उत्पादक शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करून मधला फरक साठेबाजाने न्यावा, ही रीत मोडावयाची तर दोघांच्याही संघटनांना ही वही एकत्र बसून वाचावी लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम, प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: ही जमा उत्पन्नाची आहे की मालमत्ता विकल्याची अथवा कर्जाची? ही नावे उद्याच्या उत्पादनासाठी आहे की आजच्या चैनीसाठी? आणि तोल साधण्यासाठी जो भार पडला तो कोणी उचलला? दुसरे, या प्रश्नांमधून निघणाऱ्या मागण्या ठोसपणे मांडाव्यात. परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या भरतीवर कडक नियंत्रण आणि त्यांच्या कुटुंबांना विम्याचे संरक्षण. परकीय कंपन्यांना सवलती देताना नवे उत्पादन, नवे रोजगार आणि तंत्रज्ञान यांची अट. कांदा-सोयाबीनसारख्या पिकांबाबत पेरणीपूर्वी जाहीर होणारे आणि हंगामभर न बदलणारे आयात-निर्यात धोरण. बिलांतील हेराफेरीची कसून चौकशी. आणि तेलाची आयात घटविणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीवर खर्च. नगर रस्त्यावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या एकेकट्या माणसाच्या मोटारींतून जे इंधन जळते तेही अखेर व्यवहारतोलाच्या नावेच्याच बाजूला पडते. वाघोलीला पुरेशा बसगाड्या मिळाव्यात ही स्थानिक मागणी त्या अर्थाने राष्ट्रीय आहे.

तिसरे काम अभ्यासवर्गांचे. व्यवहारतोल शिकविण्यासाठी फळा, खडू आणि दुकानाची एक वही एवढे साहित्य पुरते. खाणकामगारांच्या वस्तीत, कारखान्याच्या फाटकाबाहेर, गृहसंकुलांतून घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत तो शिकविता येईल. कारण घरखर्चाचा तोल सांभाळणाऱ्या बाईला उसनवारी आणि कमाई यांतला भेद कोणत्याही अर्थमंत्र्याइतकाच स्पष्ट समजतो. दादाभाईंनी राज्यकर्त्यांचेच आकडे घेऊन राज्यकर्त्यांना उत्तर दिले. आजचे आकडे त्याहून सहज उपलब्ध आहेत. ते दर तिमाहीला प्रसिद्ध होतात आणि ते वाचण्याची कोणालाही बंदी नाही. ज्यांच्या श्रमांनी जमेची बाजू भरते त्यांनी नावेची बाजू कोण लिहितो हे पाहण्यास सुरुवात करावी. पुढील तिमाहीचे आकडे येतील तेव्हा निदान काही अभ्यासवर्गांत तरी त्यांचे वाचन झालेले असावे.